घाटात वीज परत देणारा खेकडा

मुंबई-पुणे लोहमार्गावरचा भोरघाट चढण्यापेक्षा उतरणे जास्त धोक्याचे. काही ठिकाणी 37 फुटांमागे 1 फूट इतका तीव्र उतार. 1863 साली लोहमार्ग खुला झाला तेव्हा गाडी रोखायची ती चाकांवर ठोकळे दाबून. ते तापत आणि झिजत. जानेवारी 1869मध्ये मुंबईकडे उतरणारी मेल आवरली नाही आणि गाडीची दिशा उलटवण्याच्या रिव्हर्सिंग स्टेशनचे टोक ओलांडून खाली कोसळली. बेफाम गाडी वळवून चढावर थांबवण्यासाठी घाटात खास फाटे काढावे लागले.

3 फेब्रुवारी 1925 रोजी ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेची पहिली विजेची गाडी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला धावली. 1929मध्ये वीज घाट चढून पुण्याला पोहोचली. मालगाड्यांसाठी स्विस आणि इंग्लिश कारखान्यांनी बांधलेली 2600 अश्वशक्तीची इंजिने आली. चाकांना जोडणारे दांडे, डुलत चालणे आणि उभे असताना घुमणारा आवाज, यांमुळे लोकांनी त्यांना नाव दिले ‘खेकडा’.

खेकड्याची खरी करामत मात्र उतारावर दिसे. मोटर बाहेरून फिरवली की ती जनित्र होते. घाट उतरताना गाडीचे वजनच चाकांमार्फत मोटर फिरवते. मोटरच्या चुंबकीय गुंडाळ्यांना वेगळा प्रवाह देऊन तिचा दाब तारेतल्या 1500 व्होल्टांच्या वर नेला, की वीज उलटी तारेत जाते आणि त्याच वेळी घाट चढणारी दुसरी गाडी ती वापरते. वीज निर्माण करताना मोटर चाकांना जो विरोध करते, तोच ब्रेक.

तारेतली वीज घ्यायला कुणीच नसेल तर मात्र हा ब्रेक लंगडा पडतो. अशा वेळी उपयोगी पडते दुसरी रीत, म्हणजे वीज इंजिनावरच्याच रोधकांत जाळून तिची उष्णता करणे. जोडणी पालटून मोटरला उलट दिशेने ओढायला लावण्याची तिसरी रीत क्रेनसारख्या यंत्रांत चालते. भरल्या मालगाडीला तो झटका सोसणार नाही. शिवाय वेग मंदावला की विजेचा ब्रेक निष्प्रभ होतो. गाडी पूर्ण उभी करायची तर ठोकळेच हवेत.

2007मध्ये मुंबईत सीमेन्सची यंत्रणा असलेल्या लोकल आल्या, तेव्हा ब्रेक लावताना वीज परत देण्याच्या गुणाचे मोठे कौतुक झाले. ते योग्यच. पण त्या कौतुकाचा पहिला मान भोरघाटातल्या खेकड्याचा आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात एक खेकडा जपून ठेवला आहे. तिथे गेलात तर तो जरूर पाहा.