तेरची तरंगती वीट: तरंगणे, बुडणे आणि घनतेचा हिशेब

१/ येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत भाविक रानातून चुनखडीचे खडे वेचतात. यातला एखादा खडा पाण्यात टाकला, तर तो तत्काळ तळ गाठतो. याच धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे मात्र पाण्यावर तरंगणाऱ्या प्राचीन विटा सापडल्या आहेत. हा चमत्कार आहे की हिशेब?

२/ तेरणेकाठचे तेर म्हणजे प्राचीन तगर. ग्रीक भाषेतील ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथानुसार हे नगर पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर होते आणि तेथील कापड भडोच बंदरात जाई. तगर म्हणजेच तेर, ही ओळख फ्लीट यांनी १९०१ मध्ये पटवून दिली. पुढे १९५८ मध्ये चापेकर यांनी येथे उत्खनन केले.

३/ दगडी लेण्यांच्या महाराष्ट्रात तेरचे वेगळेपण विटेत आहे. येथील त्रिविक्रम मंदिराची मागील बाजू अर्धवर्तुळाकार असून ते मुळात बौद्ध चैत्यगृह असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. अशा वीटकामाच्या परंपरेतच हलक्या विटेचे कोडे उभे राहते.

४/ कोड्याची किल्ली एका भागाकारात आहे. वस्तुमानाला आकारमानाने भागले की घनता मिळते. पाण्याची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे १ ग्रॅम. चुनखडीतील मुख्य खनिज कॅल्साइट, त्याची घनता सुमारे २.७. म्हणून खडा बुडतो.

५/ समजा, एका विटेचे आकारमान १५०० घनसेंटिमीटर आणि वस्तुमान १३५० ग्रॅम आहे. १३५० ÷ १५०० = ०.९. अशी वीट तरंगेल, पण तिचा नऊ दशांश भाग पाण्याखाली राहील. आर्किमिडीजच्या नियमानुसार तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतकेच पाणी बाजूला सारते.

६/ पण भाजलेल्या मातीच्या कणांची घनता २.६ च्या आसपास असते. मग वीट हलकी कशी होते? पोकळीमुळे. मातीत तूस किंवा भुसा मिसळून भाजले, तर तो जळून जातो आणि छिद्रे उरतात. अशी वीट तरंगण्यासाठी आकारमानाचा सुमारे ६२ टक्के भाग रिकामा हवा, कारण उरलेले ३८ टक्के × २.६ म्हणजे जवळपास १. शिवाय छिद्रांत पाणी शिरता कामा नये, अन्यथा वीट हळूहळू बुडते.

७/ ओबडधोबड तुकड्याचे आकारमान कसे काढावे? काठोकाठ भरलेल्या भांड्यात तो बुडवून सांडलेले पाणी मोजावे. सच्छिद्र विटेला आधी मेणाचा पातळ थर द्यावा लागतो आणि ती तरंगत असल्याने बारीक सुईने पूर्ण बुडवावी लागते. मेणाचे आकारमान नंतर वजा करावे.

८/ द्रवाची घनता काढणे त्याहून सोपे. एकच भांडे प्रथम पाण्याने, मग तेलाने भरून तोलावे. रिकाम्या भांड्याचे वजन वजा करून दोन्हींचे गुणोत्तर घ्यावे. करडईच्या तेलाची घनता सुमारे ०.९२ भरते. म्हणजे ०.९५ घनतेची वीट पाण्यावर तरंगेल, पण तेलात बुडेल! तरंगणे हा एकट्या विटेचा गुण नव्हे, ते वीट आणि द्रव यांच्यातील नाते आहे.

९/ हे कसब तेरपुरते नव्हते. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस याने स्पेन आणि आशिया मायनरमधील तरंगत्या विटांची नोंद केली आहे. तेलंगणातील पालमपेटच्या रामप्पा मंदिराच्या (१२१३) शिखरातही अशा विटा आहेत. शिखर हलके, तर भिंती आणि पाया यांवरील भारही कमी.

१०/ म्हणून तरंगत्या विटेला केवळ चमत्कार म्हणणे हा तिच्या कर्त्यावर अन्याय आहे. माती किती, भुसा किती, आच किती, याचा अंदाज त्या अनामिक वीटभट्टीकाराच्या हातात होता. त्याने सूत्र लिहून ठेवले नाही, पण त्याचे उत्तर आजही पाण्यावर तरंगते.