एका खोलीत चार वर्ग: कमी पटाची झेडपी शाळा कशी चालते? गावाला काय माहीत हवं?

वाडी-वस्तीवर गेलं की अशी शाळा हमखास दिसते. दोन खोल्या, पुढं ध्वजाचा कट्टा, पटावर 12-15 पोरं आणि पहिली ते चौथी सगळे वर्ग. पट 20 च्या आत असलेल्या अशा हजारो शाळा राज्यात आहेत. 2023 मध्ये वाशिम जिल्ह्यातली एक झेडपी शाळा तर 1 विद्यार्थी आणि 1 शिक्षक यामुळं देशभर बातमीत आली होती.

चार वर्ग एकत्र कसे शिकतात?
याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात. गुरुजी किंवा बाई साधारणपणे पहिली-दुसरीचा एक गट आणि तिसरी-चौथीचा दुसरा गट करतात. एका गटाला शिकवणं चालू असताना दुसरा गट गणितं सोडवतो किंवा वाचन करतो. मोठी पोरं लहानांना अक्षरं गिरवायला मदत करतात. प्रत्येक पोराकडं लक्ष राहतं, हा यातला फायदा. पण शिक्षक एकच असेल तर शिकवण्याबरोबर पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, बैठका हे सगळं त्याच्याच अंगावर पडतं.

कायदा काय सांगतो?
शिक्षण हक्क कायदा (2009) 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. 6 ते 14 वयाच्या मुलांना मोफत शिक्षण हा त्यांचा हक्क आहे. राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी 1 किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी 3 किलोमीटर हे अंतर धरलंय. कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीच्या शाळेला 60 विद्यार्थ्यांपर्यंत 2 शिक्षक सांगितलेत.

समूह शाळा म्हणजे काय?
आसपासच्या छोट्या शाळांची मुलं एका मोठ्या शाळेत आणायची, जाण्या-येण्याला गाडी द्यायची, ही ती कल्पना. पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ ही तिची उदाहरणं. कमी पटाच्या शाळांबाबत असा विचार करण्यासाठी शिक्षण विभागानं 2023 मध्ये जिल्ह्यांकडून माहिती मागवली होती. मोठ्या शाळेत विषयवार शिक्षक, खेळ, सोबती मिळतात हे खरं. पण पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं, गाडी आली नाही, तर सहा-सात वर्षांचं पोर घरीच बसतं. आणि लांबची शाळा म्हटली की आधी मुलीचं शिक्षण थांबायची भीती असते.

गावानं काय करावं?
• पट सांभाळा. शिक्षकांची पदं पटावर ठरतात. मुलाचं आधार बरोबर आहे का, शाळेतल्या नोंदीशी नाव आणि जन्मतारीख जुळते का, ते बघून घ्या.

• व्यवस्थापन समितीत बसा. समितीत 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. शाळा विकास आराखडा हीच समिती तयार करते. नुसती सही करून उठू नका.

• शिक्षक रजेवर गेले तर शाळा बंद ठेवू नये म्हणून केंद्रप्रमुखांना लगेच कळवा. काम झालं नाही तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

• शाळा जोडायची चर्चा असेल तर ग्रामसभेत विषय घ्या. नव्या शाळेचं अंतर, रस्ता, गाडीची सोय आणि ती किती दिवस चालणार, हे सगळं लेखी मागा. ठराव केला की गावाचं म्हणणं कागदावर येतं.

• मूल दुसऱ्या शाळेत घालताना दाखल्याला उशीर झाला म्हणून सरकारी शाळा प्रवेश अडवू शकत नाही.

पट कमी झाला म्हणून शेजारची चार घरं पोरं काढून नेतात आणि त्यानं पट आणखी उतरतो. म्हणून नवं शैक्षणिक वर्ष सुरू व्हायच्या आधीच पालकांनी एकत्र बसून ठरवलेलं बरं.