बारा वर्षांचा पोरगा आणि हाती आलेली विद्या

आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटलं असेल. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने कॉमिक्सवर बोलावं का? आम्ही म्हणतो, अवश्य बोलावं. अमरावती-अकोल्याकडची पोट्टी आज मोबाईलवर काळ्या जादूच्या चित्रकथा वाचतात. त्यांत एक प्रश्न असतो, आणि तोच प्रश्न आपल्या देवघरातल्या एका पोथीनेही विचारलेला आहे. शक्ती हाती आली, तर तिने जे घडेल त्याचं उत्तर कोणी द्यायचं?

आधी कॉमिक घेऊ. नील गेमन या इंग्रज लेखकाची ‘द बुक्स ऑफ मॅजिक’ ही चार भागांची चित्रकथा १९९० साली निघू लागली. तिचा नायक टिम हंटर, बारा वर्षांचा, चष्मा लावणारा साधा मुलगा. चार अनोळखी माणसं त्याला गाठतात आणि सांगतात, तू मोठा जादूगार होऊ शकतोस. मग एकेक जण त्याला जादूचा भूतकाळ, वर्तमान, परीलोक आणि भविष्य दाखवून आणतो. जिथे जादू आहे तिथे तिची किंमतही आहे, हे त्याला दिसत जातं. शेवटी तो ‘नको’ म्हणतो. पण एवढं पाहिल्यावर आता नकाराला अर्थ उरलेला नाही, हे त्याला कळून चुकतं.

आता पोथीकडे या. ‘नवनाथ भक्तिसार’. चाळीस अध्यायांचा हा ओवीबद्ध ग्रंथ धुंडीसुत मालू याने शके १७४१, म्हणजे इ.स. १८१९ मध्ये पूर्ण केला. पेशवाई बुडाली १८१८ साली. आपल्या वऱ्हाडाने तर त्याआधीच, १८०३ मध्ये, अडगावची लढाई आणि गाविलगडचा पाडाव पाहिला होता. राज्यं अशी हातातून निसटत होती, आणि त्याच काळात मंत्राच्या बळावर देवांनाही नमवणाऱ्या जोग्यांच्या कथा पोथीत बांधल्या जात होत्या. या दोन गोष्टींत नातं असावं, असा आमचा तर्क आहे. तो तर्क म्हणूनच घ्या.

या पोथीतला गोरक्ष कसा जन्मतो बघा. मच्छिंद्रनाथ एका अपत्यहीन बाईला भस्म देतात. ती घाबरते आणि ते उकिरड्यावर टाकून देते. बारा वर्षांनी नाथ परत येतात, उकिरड्यापाशी हाक मारतात, आणि आतून मुलगा ‘आदेश’ म्हणत बाहेर येतो. वय बारा! टिम हंटरचंही तेवढंच. कोणी कोणाची नक्कल केलेली नाही. मूलपण संपतं आणि मोठेपण अजून आलेलं नसतं, असा तो उंबरठा आहे. गोष्टी सांगणाऱ्यांना तो सगळीकडे दिसतो.

पुढचा प्रसंग अंगावर काटा आणणारा आहे. गुरूला भिक्षेतला वडा आवडला, म्हणून गोरक्ष आणखी एक मागायला जातो. बाई म्हणते, बदल्यात डोळा दे. पोरगा खरंच डोळा काढून देतो. काळोख्या कॉमिक्सना नावं ठेवणाऱ्यांनी ही पोथी पुन्हा एकदा उघडावी.

पण आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग आहे चिखलाच्या गाडीवानाचा. गोरक्ष संजीवनी मंत्र पाठ करत बसलेला असतो. गावातली पोरं चिखलाची गाडी करतात आणि त्याला म्हणतात, आम्हाला गाडीवान करून दे. तोंडाने मंत्र चालूच, हाताने चिखल. पुतळा पुरा होतो आणि उठून बसतो. पोरं ‘भूत, भूत’ ओरडत पळतात. गोरक्षही भितो. ही शक्ती त्याने मागितलेली नव्हती, वापरायचीही नव्हती. ती सहज, खेळता खेळता घडून गेली.

मग मच्छिंद्रनाथ काय करतात? त्या जिवाचा पुन्हा चिखल करत नाहीत. ते त्याला उचलून घेतात आणि एका अपत्यहीन जोडप्याच्या ओटीत घालतात. चुकून निर्माण झाला असला तरी तो जीव आहे, त्याला घर पाहिजे. हा मुलगा म्हणजे गहिनीनाथ. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटी गुरुपरंपरा दिली आहे : मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती आणि मग ज्ञानदेव. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे भक्तिसाराच्या पाचशेहून अधिक वर्षं आधीची. इतिहास आणि आख्यायिका यांची इथे सरमिसळ करू नये. तरी आख्यायिकेचं म्हणणं लक्षात घ्या. पोराच्या हातून अजाणता उठलेल्या मातीच्या बाहुल्याला कोणी तरी सांभाळलं, म्हणून पुढची परंपरा झाली.

याच्या उलट प्रसंगही पोथीत आहे. मोठा झालेला गोरक्ष गुरूला स्त्रीराज्यातून परत आणायला जातो. तिथे मच्छिंद्राचा लहान मुलगा मीननाथ त्याच्याकडे धुवायला दिला जातो. गोरक्ष त्याला कपड्यासारखा दगडावर आपटून मारतो, आणि बापाचा आक्रोश पाहून पुन्हा जिवंत करतो. जिवंत करता येतं म्हणून मारणं सोपं झालं! शक्तीचा धोका याहून स्पष्ट कसा सांगणार? पतंजलीनेही योगसूत्रांच्या तिसऱ्या पादात सिद्धी मोजून दाखवल्या आणि त्या समाधीच्या आड येतात असंही बजावलं.

कॉमिक आणि पोथी यांत एक मोठा फरक मात्र आहे. टिम हंटरची गोष्ट वाचून तुम्हाला काही मिळेल, असं कॉमिक म्हणत नाही. भक्तिसाराच्या चाळिसाव्या अध्यायात कोणता अध्याय वाचल्याने कोणतं फळ मिळतं, हे क्रमाने सांगितलं आहे. श्रावणात घरोघरी पारायणं होतात, त्यांत श्रद्धा आहे, गोडी आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. काळजी वेगळी आहे. ‘माझ्या हाती विद्या आहे’ असा दावा गोष्टीतून बाहेर पडून अंगणात येतो, तेव्हा किंमत कोण मोजतं?

आपल्याच अमरावती जिल्ह्यात, मेळघाटात, आजारी तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने चटके देण्याचा प्रकार अजून ऐकू येतो. त्याला डंबा म्हणतात. आईबाप दुष्ट नसतात. दवाखाना लांब असतो आणि विश्वासाचा माणूस जवळ असतो. पण चटका बाळाला बसतो. शेंडगावात १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात नवस आणि बोकडबळी यांवर आसूड ओढत, तेही याच कारणाने. नवस एकाचा, जीव दुसऱ्याचा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झाली, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळाने मंजूर केला. कायदा तोच प्रश्न विचारतो : तुझ्या दाव्यामुळे ज्याला इजा झाली, त्याचं उत्तर कोण देणार?

तेव्हा घरातल्या पोरांच्या हातातून कॉमिक हिसकावू नका. शेजारी बसा, त्यांना चिखलाच्या गाडीवानाची गोष्ट सांगा आणि विचारा, तू गोरक्ष असतास तर त्या बाहुल्याचं काय केलं असतंस? पोट्टी काय उत्तर देतात ते ऐका, आणि जमलं तर आम्हालाही कळवा.