साखळीचा दत्त

डिचोली तालुक्यात वाळवंटीकाठच्या साखळीत १८८२ साली दत्तमंदिर उभे राहिले. मनाचा आजार जडलेल्या माणसाला या दत्ताच्या पायांशी आणण्याची इथली रीत जुनी आहे.

'गुरुचरित्रा'तली सावित्री आठवते. वैद्यांनी हात टेकल्यावर क्षयाने खंगलेल्या नवऱ्याला घेऊन ती माहूरहून गाणगापूरला निघाली. पोहोचताच तो गेला. पुढे गुरुकृपेने उठला. कथेतला चमत्कार सर्वांच्या लक्षात राहतो. पण निघताना सावित्रीला शेवट कुठे ठाऊक होता?

वेडाचा आजार घरोघरी लपवला जातो. साखळीला मात्र माणसे आपल्या आजारी माणसाचा हात धरून चारचौघांत देवापुढे उभी राहतात. बांबोळीच्या डॉक्टरांची औषधे चालू ठेवावीत आणि हा हातही सोडू नये. सावित्रीची श्रद्धा हीच होती.