तळटीप २३ : नीळ गाळून परत घेणे

२३. लेखकाला येथे अल्ट्राफिल्ट्रेशन अभिप्रेत आहे. कारखान्यात त्याला नुसते ‘यूएफ’ म्हणतात. सांडपाणी दाबाने अशा मेम्ब्रेनमधून (गाळणपडद्यातून) ढकलतात, की जिची छिद्रे साधारण १ ते १०० नॅनोमीटरची असतात (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग). हवा लागलेली नीळ पाण्यात विरघळत नाही, तिचे कण मेम्ब्रेनच्या अलीकडे अडतात. पाणी, क्षार आणि कॉस्टिक सोडा मात्र पलीकडे निघून जातात. अडलेला दाट लगदा हायड्रोसल्फाइट व कॉस्टिक घालून पुन्हा रंगाच्या हौदात वापरता येतो.

उल्हासनगरच्या संदर्भात मात्र एक भेद ध्यानात ठेवायला हवा. नीळ परत घेणे परवडते ते सूत रंगवणाऱ्या गिरणीत. येथील जीन्स धुण्याच्या कारखान्यांतल्या पाण्यात नीळ विरळ असते, शिवाय प्यूमिस दगडाची भुकटी आणि खळ मिसळलेली. तेथे मेम्ब्रेन लवकर तुंबते आणि खरा लाभ पाणी पुन्हा वापरण्याचाच.

पुढच्या ओळीतील ‘निकाल’ राष्ट्रीय हरित लवादाचा, २०१५चा. ‘वनशक्ती’ संस्थेच्या अर्जावरून उल्हास व वालधुनी नद्यांच्या प्रदूषणाबद्दल स्थानिक संस्था आणि सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे यांना त्यात दंड झाला.