क्वाड बाइकचं पेट्रोल तुमच्या फोनमध्ये कसं आलं?

ज्यांच्या फोनमध्ये कधी काळी 'सीएसआर रेसिंग' होता, त्यांनी आजचा एपिसोड शेवटपर्यंत ऐका. चकचकीत गाड्यांच्या त्या गेमची मुळं चिखलात आहेत.

क्वाड बाइक, म्हणजे एटीव्ही, तुम्ही पाहिली असेल. चार फुगीर टायर, बाइकसारखं हँडल. नागावच्या बीचवर चक्कर मारायला मिळते तीच. २००१ मध्ये अमेरिकेतल्या रेनबो स्टुडिओजने प्लेस्टेशन २ साठी 'एटीव्ही ऑफरोड फ्युरी' काढला आणि तो चांगलाच गाजला. दुसरा भागही त्यांनीच केला. मधल्या काळात रेनबोला टीएचक्यू कंपनीने विकत घेतलं, आणि तिसरा-चौथा भाग सोनीने ब्रिटनच्या क्लायमॅक्सकडे दिला.

क्लायमॅक्सची रेसिंग टीम ब्रायटनला, समुद्रकाठच्या गावात बसायची. २००६ मध्ये डिस्नीने ती टीम विकत घेतली. पुढे तिचं नाव झालं ब्लॅक रॉक स्टुडिओ, आणि २००८ मध्ये आला तिचा 'प्युअर'.

'प्युअर'मध्ये खऱ्या क्वाड बाइकचं भान कुणी ठेवलंच नाही. एक उडी मारली की खाली अख्खी दरी दिसते, आणि हवेत असताना रायडर सीट सोडून लोंबकळतो. पण खरी गंमत नियमात होती. स्टंट केला की बूस्ट भरतो. बूस्ट भरला की आणखी मोठे स्टंट उघडतात. तोच बूस्ट वेगासाठी उडवला, तर मीटर खाली येतो आणि मोठे स्टंट परत बंद. म्हणजे आत्ता पुढे जायचं, की थोडं थांबून मोठा हात मारायचा, हे प्रत्येक उडीला ठरवायचं. मी रोज कोड लिहितो, म्हणून मला हे फार आवडतं. एका मीटरवर सगळा गेम उभा आहे!

त्यात फ्रीस्टाइल नावाचा एक प्रकार होता. टाकीतलं पेट्रोल संपेपर्यंत जमतील तेवढे पॉइंट्स मिळवायचे. हे पेट्रोल लक्षात ठेवा.

ब्लॅक रॉकचा पुढचा गेम 'स्प्लिट/सेकंड', मे २०१० चा. त्याच महिन्यात लिव्हरपूलच्या बिझार क्रिएशन्सचा 'ब्लर'ही आला. दोन्ही गेम चांगले, पण अपेक्षेइतके खपले नाहीत. बिझार २०११ च्या फेब्रुवारीत बंद झाली. डिस्नीने तोवर प्लेडम विकत घेऊन सोशल गेम्सकडे मोर्चा वळवला होता. २०११ मध्येच ब्लॅक रॉकलाही टाळं लागलं.

माणसं मात्र ब्रायटनमध्येच होती. 'प्युअर'चा गेम डायरेक्टर जेसन अव्हेंट आणि त्याच्या काही सहकाऱ्यांनी बॉस एलियन ही कंपनी काढली. २०१२ मध्ये त्यांचा पहिला गेम आला: सीएसआर रेसिंग. डाउनलोड फुकट. स्टिअरिंग नाही, फक्त योग्य क्षणी गिअर टाकायचा. आणि हो, पेट्रोल! प्रत्येक रेसला टाकी थोडी रिकामी होते. संपली की वाट बघा, नाहीतर पैसे मोजून भरा.

'प्युअर'मध्ये पेट्रोल संपलं की तुमचा डाव संपायचा. सीएसआरमध्ये पेट्रोल संपलं की कंपनीचा धंदा सुरू व्हायचा. मला यात कुणी व्हिलन दिसत नाही. डबा एकदाच विकून शंभर लोकांचे पगार निघेनात, हे त्या टीमने स्वतः भोगलं होतं. सीएसआर तुफान चालला, आणि तो विकणारी नॅचरलमोशन कंपनी झिंगाने २०१४ मध्ये ५० कोटी डॉलर्सच्या वर पैसे देऊन विकत घेतली.

पण खेळणारा म्हणून मला फरक जाणवतो. तिथे मीटर मला विचारायचा, आता काय करशील? इथे तो विचारतो, किती देशील? तुमच्या फोनमधला आवडता गेम आज उघडा आणि त्यातला मीटर यापैकी कोणता प्रश्न विचारतोय ते बघा. उत्तर कॉमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!