मेलेला गडी कधी उठतो?

कबड्डीच्या नियमपुस्तकाच्या जुन्या-नव्या आवृत्त्या शेजारी ठेवल्या, की आधी डोळ्यांत भरतात ती मापं. मैदान बदललं, नवाचे सात गडी झाले, लोणचे चार गुण होते ते दोनावर आले. ही मापं पाठ करून शाळेच्या परीक्षेत गुण मिळतात, एवढाच त्यांचा उपयोग. खेळाची जात ठरते ती एकाच कलमावर: बाद झालेल्या गड्याचं पुढे काय?

या प्रश्नाची तीन उत्तरं आपल्याकडे हुतूतूच्या जमान्यापासून होती. गामिनीत मेला तो मेला. सगळा संघ बाद होऊन लोण चढेपर्यंत त्यानं बाहेर बसायचं. असे पाच किंवा सात लोण जो आधी चढवील तो विजयी. घड्याळाचा संबंध नाही. अमरमध्ये मरणच नाही. गडी बाद झाला तरी मैदानातच राहणार, समोरच्याच्या नावावर फक्त गुण लागणार. पंजाबातली वर्तुळातली कबड्डी याच वळणाची. संजीवनीनं मधला रस्ता काढला: समोरचा एक मारा, आपला एक उठवा, चाळीस मिनिटं खेळा आणि शेवटी गुण मोजा.

महाराष्ट्रात १९२१ साली नियमांचा पहिला आराखडा झाला तो संजीवनी आणि गामिनी यांची सांगड घालून. १९२३ मध्ये समिती नेमून त्यात दुरुस्त्या झाल्या आणि त्याच वर्षीच्या अखिल भारतीय स्पर्धेत ते नियम वापरले गेले. पुढे १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ आला, १९७२ मध्ये हौशी महासंघ, आणि १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचं स्थान मिळालं. या वाटेवर गामिनी मागे पडत गेली आणि संजीवनी हाच प्रमाण खेळ ठरला. कारण साधं आहे. दिवसभरात पंधरा-वीस संघ खेळवायचे तर सामना कधी संपेल हे आयोजकाला आधी कळायला हवं. शिवाय गामिनीत पहिल्याच चढाईत बाद झालेला पोरगा आपल्या पाळीची वाट बघत नुसता बसून राही.

संजीवनीनं मात्र एक नवी डोकेफोड आणली. गडी उठतात ते बाद झालेल्या क्रमानं. कर्णधाराला आपला हुकमी चढाईपटू आधी उठवता येत नाही. त्याच्या आधी तिघे मेलेले असतील तर तिघांनंतरच त्याची पाळी. समजा मैदानात दोनच पकडपटू उरलेत आणि चढाईपटू रांगेत चौथा आहे. त्याला आणायला समोरचे चार मारावे लागतील. त्यापेक्षा दोघांनी बाद होऊन लोण घेतला तर दोघांचे दोन आणि लोणचे दोन असे चार गुण जातात, पण सातही गडी ताजेतवाने उभे राहतात. जाणते संघ ही किंमत समजून-उमजून मोजतात. गामिनीच्या खेळाडूला हा हिशेब वेडेपणाचा वाटला असता.

पुणे-सोलापूर महामार्गावरचं पाटस हे भीमा सहकारी साखर कारखान्याचं गाव. अशा गावातल्या स्पर्धेत नियमांच्या दोन-तीन पिढ्या एकाच मैदानावर भेटतात. मातीवर फक्की मारून रेषा आखलेल्या, संघ जास्त आले म्हणून डाव वीसऐवजी दहा मिनिटांचे, पण नियम मात्र दूरदर्शन संचावर पाहिलेले. एखादा पोरगा बोनस रेषा ओलांडून परततो आणि बाहेरून ओरडा होतो, "सर, बोनस झाला, गडी उठवा की!" गुणलेखकाच्या टेबलावरून उत्तर येतं, "बोनसला गडी उठत न्हाई. गुण लिहिलाय, खेळा."

त्या टेबलावरच्या उत्तरात कबड्डीच्या अलीकडच्या आवृत्त्यांचं सगळं सार आलं. समोर सहा किंवा सात गडी असताना बोनस रेषा ओलांडली की गुण मिळतो, पण कुणी मरत नाही आणि कुणी उठत नाही. २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डीमुळे घराघरांत पोचलेली सुपर टॅकल हीच गोष्ट पुढे नेते. मैदानात तीन किंवा कमी गडी असताना पकड केली तर गुण दोन, उठतो मात्र एकच. 'डू ऑर डाय' चढाईनं उलट्या बाजूनं पेच घातला. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणा, नाहीतर चढाईपटू बाद. तीस सेकंद दम घुमवून सुरक्षित परतण्याची जुनी युक्ती तिथं चालत नाही.

मरण सौम्य करत जाण्याची ही ओढ फक्त कबड्डीत नाही. मार्क मिलर यांचा 'ट्रॅव्हलर' हा अंतराळातल्या साहसांचा, टेबलाभोवती बसून फाशांवर खेळायचा अमेरिकी खेळ १९७७ मध्ये आला. त्यात पात्राची पूर्वपीठिका ठरवतानाच फासा उलटा पडला तर पात्र खेळ सुरू होण्याआधीच मरायचं. १९८१ च्या आवृत्तीनं मुभा दिली: मरणाऐवजी जखमी धरा आणि नोकरीतून मोकळं करा. २००८ मध्ये ब्रिटनच्या मंगूज प्रकाशनानं काढलेल्या आवृत्तीत तिथं अपघातांचा तक्ताच आला. फासा चुकला तर हात गमवा, वैरी कमवा, पण जगा. तिथंही कारण गामिनीचंच: मेलेल्या खेळाडूला टेबलाशी नुसतं बसवून ठेवणं कुणालाच परवडत नाही.

गामिनीत गुणफलकाची गरजच नव्हती. चढवलेले लोण लक्षात ठेवले आणि मैदानाकडे नजर टाकली, की कोण वरचढ ते कळे. संजीवनीनं गुण आणि जीव एका दोरीला बांधले. बोनस आणि सुपर टॅकलनं ती दोरी सैल केली. आज सातही गडी उभे असलेला संघ पिछाडीवर असू शकतो आणि दोघांवर आलेला संघ आघाडीवर. प्रेक्षकाला यात शेवटच्या मिनिटापर्यंत थरार मिळतो, म्हणून ही कलमं टिकतीलही. खेळाडूला मात्र आता दोन हिशेब ठेवावे लागतात. उद्या नियमपुस्तकाची नवी आवृत्ती हाती आली, की आधी एवढंच बघावं: नव्यानं घातलेल्या गुणावर बाहेर बसलेला गडी उठतो का? उठत असेल तर तो नियम खेळाडूंसाठी आहे, नसेल तर बघणाऱ्यांसाठी.